मूल हवंय, पण ‘निसर्गाने गाळलं असतं’ हे वाक्य डोक्यातून जात नाही

प्रश्न थोडक्यात: पत्रलेखिका २९ वर्षांच्या आहेत. नवव्या वर्षी टाइप १ मधुमेह झाला, तेव्हापासून इन्सुलिनवर आहेत. उणे सहाचा चष्मा आहे आणि त्यांचा स्वतःचा जन्म सिझेरियनने झाला. लग्नाला दोन वर्षं झाली, नवराबायको दोघांनाही मूल हवं आहे. एका रात्री घरातल्या गप्पांत दीर म्हणाले, की औषधांमुळे माणसाची उत्क्रांती थांबली आहे. पूर्वी निसर्ग ज्यांना गाळून टाकायचा ते आता जगतात, त्यांची जनुकं पुढे जातात आणि मानवजात पिढीगणिक कमकुवत होत चालली आहे. दीर वाईट मनाचे नाहीत आणि विज्ञान आवडीने वाचतात, त्यामुळे ते बोलणं झटकून टाकता येत नाही. त्या विचारतात, “माणूस खरंच उत्क्रांत व्हायचा थांबलाय का? आणि तसं असेल, तर मी मूल होऊ देणं चूक ठरेल का?”

उत्तर:

तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतून बसले आहेत. माणूस अजून उत्क्रांत होतो का, हा एक. मी आई व्हावं का, हा दुसरा. पहिल्यावरून दुसऱ्याचा निकाल लागेल, असं तुम्ही धरून चालला आहात. पहिल्याचं उत्तर ‘हो’ आहे, माणूस आजही उत्क्रांत होतो आहे. पण ते ‘नाही’ असतं, तरी तुमच्या बाळाबद्दल त्यातून काहीच ठरलं नसतं. हे का, ते सविस्तर सांगायला हवं, कारण असं वाक्य कानावर पडलेल्या तुम्ही एकट्या नाही.

उत्क्रांती म्हटलं की बहुतेकांना शिडी आठवते. खालच्या पायरीवर दुबळे, वरच्या पायरीवर सबळ, आणि निसर्ग आपला वर वर नेतो आहे. जीवशास्त्रात या शब्दाचा अर्थ याहून पुष्कळ साधा आहे. एखाद्या लोकसमूहात जनुकांच्या वेगवेगळ्या रूपांचं प्रमाण पिढ्यांमागून पिढ्या बदलत गेलं, की ती उत्क्रांती. त्यात वर-खाली काही नाही. ती थांबायची तर कुणाच्याही जनुकांत नवा बदल होता कामा नये, प्रत्येकाला सारखीच मुलं झाली पाहिजेत, लोकांनी स्थलांतर करून एकमेकांत मिसळता कामा नये आणि योगायोगाला कुठेच वाव राहता कामा नये. यातली एकही अट आज पुरी होत नाही. जन्माला येणाऱ्या प्रत्येक बाळात आईकडेही नसलेले आणि वडिलांकडेही नसलेले साधारण ६० ते ७० नवे बदल असतात. वडिलांचं वय जितकं जास्त, तितके हे बदल जास्त. दर वर्षामागे सुमारे दीड ते दोनची भर पडते. त्यातले बहुतेक कुणाच्या लक्षातही येत नाहीत, पण नव्या कच्च्या मालाचा पुरवठा मात्र कधीच बंद पडत नाही.

तुमच्या दिरांच्या बोलण्यात एक गोष्ट खरी आहे. पूर्वी जन्मलेल्या मुलांपैकी जवळपास निम्मी मोठी होण्याआधीच जात. आज जगभरात पाच वर्षांच्या आत दगावणाऱ्या मुलांचं प्रमाण चार टक्क्यांच्या आसपास आहे. मृत्यूची चाळणी खूप मोकळी झाली, यात शंका नाही. पण नैसर्गिक निवड मृत्यूतून जशी होते तशीच जन्मांतूनही होते. दोन माणसं ऐंशी वर्षं जगली, एकाला मूल नाही आणि दुसऱ्याला चार, तर पुढच्या पिढीतली जनुकं बदललीच. जेम्स क्रो या जनुकशास्त्रज्ञाने १९५८ सालीच या दोन वाटा वेगळ्या मोजायची रीत मांडली. पहिली अरुंद झाली तरी दुसरी चालूच राहते.

आणि ती चालू असल्याचं मोजताही आलं आहे. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये ईल-ओ-कूद्र नावाचं बेट आहे, तिथल्या चर्चमध्ये जन्म, लग्न आणि मृत्यूच्या नोंदी नीट राखलेल्या आहेत. १७९९ ते १९४० या काळात तिथल्या स्त्रियांचं पहिल्या बाळंतपणाचं वय २६ वरून २२ वर आलं, आणि त्यामागे जनुकांचा वाटा असल्याचं संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावातली घराणी १९४८ पासून हृदयरोगाच्या अभ्यासासाठी तपासली जात आहेत. तिथल्या स्त्रियांत किंचित बुटक्या, किंचित जाड, कोलेस्टेरॉल कमी असलेल्या स्त्रियांना जास्त मुलं झालेली दिसली. हा कल दहा पिढ्या टिकला तर उंची सरासरी दोन सेंटीमीटरने कमी होईल, असा हिशेब निघतो. बदल इतका संथ असतो. ‘कमकुवत’ किंवा ‘बळकट’ हे शब्द त्याला लावताच येत नाहीत.

आता जरा उंचावर चला. समुद्रसपाटीवरचा माणूस डोंगरावर राहायला गेला की प्राणवायू कमी पडतो म्हणून शरीर तांबड्या पेशी वाढवतं. रक्त दाट होतं. दाट रक्त वारेतून, म्हणजे पोटातल्या बाळाला पोसणाऱ्या अवयवातून, नीट फिरत नाही, त्यामुळे गरोदरपणात रक्तदाब वाढणं आणि बाळ कमी वजनाचं होणं, हे धोके वाढतात. तिबेटी लोकांचं हिमोग्लोबिन इतक्या उंचीवरही फारसं चढत नाही. त्यांच्यात ‘ईपास १’ या जनुकाचं एक वेगळं रूप सर्रास आढळतं. ते डेनिसोवन या नामशेष झालेल्या मानवांकडून आलं आहे, हे २०१४ साली कळलं. २०२४ मध्ये नेपाळात ३,५०० मीटरच्या वर राहणाऱ्या तिबेटी वंशाच्या चारशेहून अधिक स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळ्या ४६ च्या पुढच्या, म्हणजे बाळंतपणं आटोपलेल्या. सर्वाधिक जिवंत मुलं कुणाला झाली होती? हिमोग्लोबिन ना फार जास्त ना फार कमी, पण त्यात प्राणवायू पुरेपूर भरलेला, अशा स्त्रियांना. आजच्या, जिवंत, नावानिशी ओळखीच्या बायकांमध्ये निवड होताना पाहिली गेली, याहून दिरांना दाखवायला चांगलं उदाहरण मिळणार नाही.

दुधाचं उदाहरण तुमच्या प्रश्नाला आणखी जवळून भिडतं. बाळपण संपलं की दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज हे विकर तयार होणं बंद पडतं, हा सस्तन प्राण्यांचा नियम. आज जगातल्या साधारण एक तृतीयांश प्रौढांमध्ये ते बंद पडत नाही. गेल्या दहा हजार वर्षांत युरोप, पूर्व आफ्रिका आणि अरबस्तानात वेगवेगळ्या जनुकीय बदलांतून ही क्षमता स्वतंत्रपणे रुजली. कारण काय, तर माणसाने जनावरं पाळली. म्हणजे माणसाने आपल्या हाताने परिस्थिती बदलली आणि मग जनुकं तिच्यामागे चालत आली. शेती, चूल, कपडे, लस आणि इन्सुलिन हे सगळं त्याच ओळीतलं आहे. निसर्ग एका बाजूला आणि माणसाची कृत्रिम ढवळाढवळ दुसऱ्या बाजूला, ही विभागणी दिरांनी गृहीत धरली आहे. माणसाच्या उत्क्रांतीत ती कधीच नव्हती.

‘फिट’ या शब्दानेही पुष्कळ घोटाळा केला आहे. हर्बर्ट स्पेन्सरने १८६४ मध्ये ‘सर्वात योग्य तो टिकतो’ अशा अर्थाचा शब्दप्रयोग रूढ केला आणि लोकांनी त्याचं ‘बळी तो कान पिळी’ करून टाकलं. योग्य म्हणजे त्या ठिकाणी, त्या काळी जुळणारा, इतकंच. सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या जनुकाची एक प्रत असेल तर मलेरियापासून चांगलं संरक्षण मिळतं, दोन प्रती असतील तर गंभीर आजार होतो. अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये हे दाखवलं. मग ते जनुक चांगलं की वाईट? डास किती आहेत ते सांगितल्याशिवाय याला उत्तरच नाही.

तरीही ‘आजारी माणसांनी मुलं होऊ दिली नाहीत तर आजार संपेल’ हे ऐकायला पटतं. म्हणून हिशेब करून बघू. एक असा आजार घ्या, जो आई आणि वडील दोघांकडून सदोष प्रत आली तरच होतो आणि दहा हजारांत एकाला होतो. दहा हजार लोकांत आजारी एक, पण एक सदोष प्रत बाळगणारे, स्वतः ठणठणीत असलेले वाहक सुमारे १९८. म्हणजे एकूण २०० सदोष प्रतींपैकी आजारी माणसाकडे फक्त दोन. प्रत्येक पिढीतल्या प्रत्येक आजारी माणसाला मूल होऊ दिलं नाही, तरी त्या पिढीत जेमतेम एक टक्का प्रती कमी होतील. आणि जनुक जसजसं दुर्मीळ होतं, तसतसा आजारी माणसांकडचा वाटाही घटतो, त्यामुळे वेग आणखी मंदावतो. सदोष प्रतींचं प्रमाण निम्म्यावर यायला १०० पिढ्या लागतात. पिढी २५ वर्षांची धरली तर अडीच हजार वर्षं. त्यात नवे बदल भर टाकत राहतात ते वेगळंच. हे गणित हार्डी आणि वाइनबर्ग यांनी १९०८ साली दिलेल्या सूत्रातून निघतं, शाळेतल्या वर्गमुळाइतकं सोपं आहे आणि शंभर वर्षांपूर्वीही ठाऊक होतं. तरी त्याकडे डोळेझाक झाली. जर्मनीत जुलै १९३३ च्या कायद्याने सुमारे चार लाख माणसांची सक्तीने नसबंदी करण्यात आली. अमेरिकेत इंडियाना राज्याने १९०७ मध्ये तसा पहिला कायदा केला, पुढे देशभरात ६० हजारांहून जास्त लोक त्यात भरडले गेले. ‘मानवजात कमकुवत होतेय’ हे वाक्य गप्पांत सहज येतं, पण ते कुठे जाऊन पोचलं होतं, हे माहीत असायला हवं.

उलट बाजूने बघितलं तरी हाच संथपणा दिसतो. इन्सुलिन माणसाला पहिल्यांदा दिलं गेलं जानेवारी १९२२ मध्ये, टोरांटोत, लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला. त्याला शंभर वर्षं उलटली, म्हणजे चार पिढ्या. चार पिढ्यांत असं काही साचत नाही.

टाइप १ मधुमेह तर एका जनुकाचा आजारही नाही. धोका वाढवणारी जनुकं अनेक आहेत. त्यातली मोठी सहाव्या गुणसूत्रावर ‘एचएलए’ या गटात बसतात, आणि हा गट जंतूंना ओळखण्याचं काम करतो. ही जनुकं असलेल्या बहुतेकांना मधुमेह कधीच होत नाही. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला झाला तरी दुसऱ्याला होईलच असं नाही. नव्याने निदान होणाऱ्या दहांपैकी जवळपास नऊ जणांच्या घरात आधी कुणालाच तो नसतो. अनेक देशांत या आजाराचं प्रमाण वर्षाला दोन-तीन टक्क्यांनी वाढताना दिसलं आहे. जनुकं इतक्या वेगाने बदलू शकत नाहीत, तेव्हा कारण परिस्थितीतच कुठेतरी आहे.

तुमच्या बाळाला धोका किती, हा आकडा तुम्ही विचारायला हवा होता. पत्रात तो कुठेच नाही आणि त्याचं मला वाईट वाटलं. आईला टाइप १ असेल आणि बाळंतपण तिच्या पंचविशीनंतर झालं, तर बाळाला तो होण्याची शक्यता साधारण १०० त १. पंचविशीआधी झालं तर २५ त १. पालकाला तो अकराव्या वर्षाआधी झाला असेल तर धोका दुप्पट होतो; तुम्हाला नवव्या वर्षी झाला, म्हणून तुमच्यासाठी १०० त २ धरा. वडिलांना असेल तर १७ त १, दोघांनाही असेल तर १० त १ ते ४ त १ या दरम्यान. ज्यांच्या घरात हा आजार नाही त्यांच्या मुलांना साधारण ३०० त १.

चष्म्याचं थोडक्यात. जवळच्या नात्यात जाड चष्मे असले तर मुलांना लागण्याची शक्यता वाढते, हे खरं. पण अनेक ठिकाणी लघुदृष्टी एक-दोन पिढ्यांत प्रचंड वाढली, ती घरात बसून जवळचं बघण्यामुळे आणि उजेडात कमी राहिल्यामुळे. चीनमधल्या ग्वांगझोउ शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटं जास्त बाहेर काढलं. तीन वर्षांनी त्यांच्यात नवी लघुदृष्टी ३०.४ टक्क्यांना, बाकीच्या मुलांत ३९.५ टक्क्यांना. बाळ मोठं झालं की रोज दोनेक तास उघड्यावर खेळू द्या. सिझेरियनमुळे अरुंद कटिभागाची जनुकं वाढतील, हा दावा २०१६ च्या एका अभ्यासावरून पसरला. त्यात बाळाचं डोकं आईच्या कटिभागातून न मावण्याचं प्रमाण हजारात ३० चं ३६ होईल असं म्हटलं होतं, पण ते गणिती प्रारूप होतं. कुणाचाही कटिभाग त्यासाठी मोजलेला नव्हता.

दिरांशी बोलायचं असेल तर भांडण म्हणून बोलू नका, त्यांना विज्ञानाची आवड आहे. ‘उत्क्रांती’ असं लेबल लावलेली बातमी आली की दोघांनी मिळून काही गोष्टी तपासा. हा गुण आनुवंशिक आहे का? जनुकांचं प्रमाण बदललं की नुसतं शरीर बदललं? दक्षिण कोरियातल्या स्त्रियांची सरासरी उंची एका शतकात सुमारे २० सेंटीमीटरने वाढली, ती पोषणामुळे. जनुकं तीच होती. त्या गुणाच्या माणसांना खरोखर जास्त मुलं झाली का? आणि आकडा मोजलेला आहे की गणितातून काढलेला? एवढं विचारलं तरी निम्म्या बातम्या गळतात. शिवाय प्रत्येक माणूस काही ना काही सदोष प्रती नकळत बाळगून असतो. दीरही त्याला अपवाद नाहीत.

ज्यांच्या घरात थॅलसेमिया, सिकलसेल, हिमोफिलिया असे एकाच जनुकाचे आजार आहेत, त्या वाचकांचा हिशेब तुमच्यापेक्षा वेगळा आहे आणि तो मानवजातीचा नाही, त्यांच्या घराचाच आहे. तीन पिढ्यांची वंशावळ कागदावर काढा: कोण, कितव्या वर्षी, काय निदान, नात्यात लग्न झालं का. गर्भधारणेआधीच जनुकीय समुपदेशकाकडे जा आणि दोघांनीही वाहक चाचणी करून घ्या. थॅलसेमियात दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात आजारी बाळाची शक्यता ४ त १ असते. एक आजारी झालं म्हणून पुढची तीन निरोगी, असा त्याचा अर्थ नाही. इथे पर्याय खरेच असतात आणि निवड त्या जोडप्याची असते.

तुमच्यासाठी खरा धोका जनुकांत नाही, पहिल्या आठ आठवड्यांतल्या साखरेत आहे. बाळाचं हृदय आणि मज्जारज्जू तेव्हा घडतात आणि पुष्कळदा दिवस गेल्याचं तोवर कळलेलंही नसतं. म्हणून एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ६.५ च्या खाली, पण वारंवार साखर न घसरता, येईपर्यंत गर्भनिरोधक चालू ठेवा. तो १० च्या वर असेल तर गर्भ राहू देऊच नका. फॉलिक अ‍ॅसिड आधीपासून १२ व्या आठवड्यापर्यंत घ्या; मधुमेहात अनेकदा नेहमीच्या ४०० मायक्रोग्रॅमऐवजी ५ मिलिग्रॅमची गोळी दिली जाते, ती डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच. डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडांसाठी लघवीतलं अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन, शिवाय थायरॉइड आधी तपासून घ्या. साखर झपाट्याने खाली आणली तर पडद्याचा त्रास काही काळ वाढू शकतो, म्हणून ती टप्प्याटप्प्याने आणा. रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि कोलेस्टेरॉलसाठीच्या स्टॅटिन गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत, त्या चालू असतील तर बदलून घ्या.

गरोदरपणात उपाशीपोटी ९५ च्या खाली, जेवणानंतर तासाने १४० च्या खाली, दोन तासांनी १२० च्या खाली अशी साखर ठेवायची असते. पहिल्या तीन-चार महिन्यांत इन्सुलिनची गरज अनेकदा कमी होते आणि झोपेत साखर घसरते. नवऱ्याला ग्लुकागॉन, म्हणजे घसरलेली साखर वर आणणारं औषध, द्यायला शिकवून ठेवा. पुढे गरज वाढत जाते, कधी दुपटीवर. त्याने घाबरून जाऊ नका, वार आपलं काम करते आहे. शेवटच्या महिन्यांत मात्र गरज अचानक घटली तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. उलट्या होत असतील तर साखर २०० च्या आसपास असली तरी कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की रक्तात साचणारी घातक आम्लं) तपासा, गरोदरपणात कीटोन कमी साखरेवरही चढतात.

बाळ झाल्यावर, हवं असेल तर पुढे त्याची अँटिबॉडी चाचणी, म्हणजे शरीर स्वतःच्याच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटल्याच्या खुणा शोधणारी रक्ततपासणी, करता येते. दोन किंवा जास्त अँटिबॉडी दिसल्या तर आजार लक्षणांच्या आधीच पकडता येतो आणि मूल अत्यवस्थ होऊन दवाखान्यात पोचण्याची वेळ टळते. आजार लांबवणारं टेप्लिझुमॅब हे औषध अमेरिकेत नोव्हेंबर २०२२ मध्ये आठ वर्षांवरच्यांसाठी मंजूर झालं. अभ्यासात त्याने आजार सरासरी दोन वर्षं पुढे ढकलला.

आणि आजच एक काम करून ठेवा. सध्या तुम्ही सकाळी, दुपारी, रात्री किती युनिट घेता, ते तारखेसह एका कागदावर लिहा आणि दवाखान्याच्या फाइलमध्ये ठेवा. वार पडली की काही तासांत इन्सुलिनची गरज आजच्या आकड्यावर किंवा त्याच्याही खाली येते. अंगावर पाजताना आणखी कमी लागतं. त्या रात्री गरोदरपणातला डोस चालू राहिला तर साखर कोसळते. हा कागद तेव्हा लागेल.